वन्समोअर कुठे द्यायचा?

ओझरमध्ये विमानाचा आवाज ऐकून मान वर करणारा माणूस बहुधा पाहुणा असतो. गावकरी मान खालीच ठेवतो आणि आवाजावरून काय ते सांगतो. १९६४ साली हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना इथे आला, तेव्हापासून आकाशाला या गावाशी मोठ्यानं बोलायची सवयच लागली आहे. सुखोई डोक्यावरून गेलं की टीव्हीवरच्या मालिकेतलं एखादं वाक्य गिळलं जातं, पण त्यानं कोणाचं काही अडत नाही. मालिकेतलं महत्त्वाचं वाक्य तीन चेहऱ्यांवर कॅमेरा फिरवून तीनदा ऐकवतात, आणि उद्याच्या 'मागील भागात'मध्ये ते चौथ्यांदा येतंच. याला अपवाद एकच. 'बालगंधर्व', 'कट्यार काळजात घुसली', 'संगीत मानापमान' यांपैकी काही लागलेलं असावं आणि ऐन तानेला विमान यावं. मग सगळं घर विमानावर उखडतं. गंमत अशी, की उखडणारी हीच माणसं विमान येण्याच्या क्षणापर्यंत त्या सिनेमालाच नावं ठेवत असतात. गाणं बरोबर नाही, शालू तसा नेसत नसत, हार्मोनियमवरची बोटं खोटी आहेत, सगळं सांगून झालेलं असतं. जे आवडत नाही ते नीट ऐकू आलं नाही म्हणून माणूस इतका का चिडावा? प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही.

मराठीत संगीत नाटक उभं राहण्याची गोष्ट पडद्यावर आली ती मुख्यतः सिनेमातून. २०११ मध्ये रवी जाधवांचा 'बालगंधर्व' आला, २०१५ मध्ये सुबोध भाव्यांनी 'कट्यार' पडद्यावर आणली, २०१८ मध्ये '…आणि डॉ. काशिनाथ घाणेकर' आला (तो संगीत नाटकाचा नव्हे, पण विंगेतला खरा), २०२२ मध्ये 'मी वसंतराव' आणि जानेवारी २०२५ मध्ये 'संगीत मानापमान'. मग वाहिन्यांनी यांतले काही रविवार दुपारी, सणासुदीला आणि क्रिकेटचा सामना पावसानं वाहून गेल्यावर इतक्यांदा दाखवले, की त्यांची आपोआप मालिका झाली. या मालिकेचे चाहते घरोघर आहेत आणि त्यांची ठरलेली प्रतिक्रिया तीन शब्दांची आहे: 'हे असं नव्हतं.' आता जरा हिशेब करू. बालगंधर्वांचा ऐन भराचा काळ साधारण १९११ ते १९३० चा. त्या काळात दहा वर्षांच्या मुलानं त्यांना रंगमंचावर पाहिलं असेल, तर २०११ मध्ये ते मूल किमान नव्वदीला टेकलेलं असणार. तरीही प्रत्येक सोफ्यावर एक तरी पन्नाशीचं माणूस असं बसलेलं असतं, ज्याला बालगंधर्व पदर नेमका कसा सावरत हे ठाऊक आहे. हे ज्ञान वारशानं आलेलं असतं, म्हणजे आजीनं आईला आणि आईनं भांडी विसळताना सांगितलेलं. जमिनीच्या वारशावरून कोर्टकचेऱ्या होतात, या वारशाला मात्र सातबारा लागत नाही.

ओझरकराला यात नवल वाटू नये. इथे मिग विमानं बनत, म्हणून गावात आजही लोक 'ओझर मिग' म्हणतात. मिग-२१ हवाई दलातून २६ सप्टेंबर २०२५ ला निवृत्त झालं, कारखाना केव्हाच सुखोईवर गेला, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात इथून तेजसनंही उड्डाण केलं. पण कोणी 'ओझर तेजस' म्हणायला धजलेलं नाही. वस्तू गेली तरी नाव राहतं, आणि नाव राहिलं की त्यावर मत ठेवण्याचा हक्कही राहतो. संगीत नाटकाचं तेच आहे. पाच अंकी नाटक पहाटेपर्यंत बसून पाहिलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही उरली नाहीत, पण ते कसं असायला हवं हे महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. नाशिक जिल्ह्यात तर हा हक्क दुप्पट. वसंत कानेटकर नाशिकचे, एचपीटी कॉलेजात शिकवणारे. 'मत्स्यगंधा' आणि 'लेकुरे उदंड जाली' त्यांचीच. कुसुमाग्रजही नाशिकचेच, 'नटसम्राट' त्यांचं आणि 'ययाति आणि देवयानी'ही त्यांचंच. घाणेकरांच्या सिनेमात कानेटकर पात्र म्हणून आले, तेव्हा इतर महाराष्ट्रानं फक्त पाहिलं. नाशिककरांनी हजेरी घेतली. ज्या जिल्ह्यात वर्गातले कानेटकर ऐकलेली माणसं आहेत, तिथे पडद्यावरच्या कानेटकरांना पास होणं सोपं नव्हतं.

माझं म्हणणं असं, की हे नावं ठेवणं म्हणजे पूर्वीचा वन्समोअरच आहे. फक्त तो द्यायला आता जागा उरलेली नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात 'शाकुंतल'चे पहिले अंक रंगभूमीवर आणले, तेव्हापासून मराठी प्रेक्षक तिकिटासोबत एक अधिकारही विकत घेत आला. पद आवडलं की ओरडायचं, आणि नट थांबून ते पुन्हा म्हणणार. या अधिकारापुढे कथानक, शोक, युद्ध, सगळं थांबत असे. खाडिलकरांच्या 'मानापमाना'त धैर्यधराला शत्रूवर चालून जायचं आहे, पण पिटातल्या लोकांची हौस फिटेपर्यंत शत्रूला ताटकळावं लागे. 'एकच प्याला'तली सिंधू दारूच्या पायी झिजत मरणाच्या दारी पोचली आहे आणि थिएटर तिला पुन्हा गायला लावतं आहे. नाट्यशास्त्राच्या दृष्टीनं हा अत्याचार होता, टीकाकार तसं लिहितही. पण प्रेक्षकाच्या दृष्टीनं ते नाटक बनवण्यातलं त्याचं काम होतं. नाटककारानं लिहिलं, गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, नटानं गायलं आणि मी ते पुन्हा गाववलं. श्रेयनामावलीत नाव नव्हतं एवढंच. जत्रेतल्या तमाशाला हाच व्यवहार अधिक रोखीनं चालतो. चंपाषष्ठीला ओझरच्या खंडेरावाच्या यात्रेत बारागाड्या ओढताना कडेला उभा असलेला माणूसही स्वतःला बघ्या समजत नाही. त्याच्या 'येळकोट'शिवाय गाड्या हलणार नाहीत अशी त्याची खात्री असते, आणि ती चुकीची आहे हे अजून कोणी सिद्ध केलेलं नाही.

पडद्यानं हा अधिकार काढून घेतला आणि त्याचा पहिला फटका खुद्द बालगंधर्वांना बसला. १९३५ मध्ये ते प्रभातच्या 'धर्मात्मा'त एकनाथ झाले. १९३७ च्या 'साध्वी मीराबाई'त तर त्यांनी लुगडंही नेसलं, जे महाराष्ट्रानं पंचवीस वर्षं डोळ्यांत साठवलं होतं तेच. चित्रपट चालला नाही. याची कारणं वयाची, कॅमेऱ्याच्या जवळिकीची, बदललेल्या अभिरुचीची सांगतात, आणि ती खरीही आहेत. पण एक कारण फारसं कोणी सांगत नाही. बालगंधर्व म्हणजे समोरून आलेल्या हाकेला दिलेलं उत्तर होतं. स्टुडिओत हाक मारायला दिवे लावणारी माणसं तेवढी होती. आणि थिएटरात बसलेल्या प्रेक्षकानं कितीही वन्समोअर दिला, तरी पडद्यावरची मीरा आपल्याच गतीनं पुढे जात राहिली. ज्या माणसानं आयुष्यभर प्रेक्षकाला कधी 'नाही' म्हटलं नाही, त्याच्या तोंडून यंत्रानं 'नाही' वदवलं. असल्या अपमानानंतर प्रेक्षकानं दुसऱ्या दिवशी सिनेमाला नावं ठेवली तर त्याला दोष कसा द्यायचा?

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. हा मराठी स्वभाव आहे, म्हणे. टोपलीतले खेकडे, कुचकट पुणेकर, आणि 'आमच्या वेळी'चं पारायण. हे खरं असतं तर बरंच झालं असतं, निदान जगात आपली एक मक्तेदारी तरी राहिली असती. पण २०१२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत 'स्मॅश' नावाची मालिका सुरू झाली. मेरिलिन मन्रोच्या आयुष्यावर ब्रॉडवेवर संगीत नाटक उभं करायचं आहे आणि मेरिलिन कोणी व्हायचं यावरून आयव्ही आणि कॅरेन या दोन गायिका-नट्यांत स्पर्धा, अशी गोष्ट. पहिल्या भागाला कौतुक झालं आणि मग प्रेक्षकांनी जे सुरू केलं ते पाहून सदाशिव पेठेनं त्यांना मानाचं सदस्यत्व द्यायला हरकत नव्हती. आयव्हीचे आणि कॅरेनचे असे दोन तट पडले. एलिस नावाच्या चहाडखोर साहाय्यकाचा लोकांनी इतका दुस्वास केला, की पुढच्या हंगामात तो दिसलाच नाही. नाटकाची लेखिका झालेल्या डेब्रा मेसिंगच्या गळ्यातल्या स्कार्फांवर गाण्यांपेक्षा जास्त चर्चा झाली. नावं ठेवण्यासाठीच दर आठवड्याला न चुकता बघायचं, या उद्योगाला इंग्रजीत 'हेट-वॉचिंग' म्हणतात आणि त्या शब्दाच्या प्रसाराला या मालिकेनं भरपूर हातभार लावला. आपल्याकडे त्याला वेगळा शब्द नाही. आपण त्याला टीव्ही बघणं म्हणतो.

'स्मॅश' दोन हंगामांत, २०१३ मध्ये बंद पडली. खरा पुरावा त्यापुढे आहे. नावं ठेवणाऱ्या याच मंडळींना मालिकेतल्या नाटकाची गाणी मात्र पाठ झाली होती. जून २०१५ मध्ये त्या काल्पनिक नाटकाच्या गाण्यांचा एका रात्रीचा खराखुरा प्रयोग न्यूयॉर्कच्या मिन्स्कॉफ थिएटरात झाला, त्यासाठी लोकांनी वर्गणी काढली आणि तिकिटांवर उड्या पडल्या. ज्या मालिकेला दोन वर्षं झोडपलं तिच्या गाण्यांना दोन वर्षांनी वर्गणी काढून वन्समोअर! पुढे २०२५ च्या एप्रिलमध्ये 'स्मॅश' रीतसर ब्रॉडवेवर आलं, कथानक बरंच बदलून. लगेच जुने चाहते म्हणाले, मालिकेत असं नव्हतं. जूनमध्ये ते उतरलं. शिव्या आणि वन्समोअर एकाच घशातून निघतात याचा याहून चांगला दाखला मला तरी मराठीत सापडलेला नाही. ओझरहून न्यूयॉर्कपर्यंत जावं लागलं, याची खंत आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जुना प्रेक्षक जाणता होता, त्याचा वन्समोअर कमावलेला होता. आजचा माणूस भूप आणि भैरवी यांतला फरक शीर्षक वाचून ओळखतो, त्याच्या कुरकुरीला वन्समोअरची प्रतिष्ठा द्यायची कशाला? या आक्षेपात जुन्या प्रेक्षकाबद्दल फारच आदर आहे. त्या प्रेक्षकांत गाणं कळणारे होतेच, पण शालूचे काठ बघायला आलेले होते, अत्तराचा वास घ्यायला आलेले होते आणि घरी जाऊन पदर तसाच घ्यायचा म्हणून टक लावून बसलेल्या बायकाही होत्या. ८ जुलै १९२१ ला मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं, केशवराव भोसल्यांचा धैर्यधर आणि बालगंधर्वांची भामिनी. तिथे जमलेले सगळेच रागदारीचे परीक्षक होते असं समजायचं कारण नाही. बरेच जण आपापल्या दैवताच्या बाजूनं भांडायला आले होते, आयव्ही-कॅरेनच्या नव्वदएक वर्षं आधी. त्या रात्री कोण वरचढ ठरलं हा वाद केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरात वारल्यानंतरही मिटला नाही. तो आजही कुठल्याही बैठकीत उकरून काढता येतो. वन्समोअरला जाणकारी लागत नव्हती, उतावळेपणा पुरत होता. तो आजच्या माणसातही मुबलक आहे.

शिवाय आजच्या प्रेक्षकाच्या तक्रारी नीट ऐकल्या तर त्यांतली एक तक्रार अगदीच अडाणी नसते. पडद्याला रंगभूमी दाखवायची असली की तो भांडणं दाखवतो, काम दाखवत नाही. नेहमीच्या मालिकेतलं नाटक तर निव्वळ घातपातासाठी असतं. चारशेव्या भागाच्या आसपास सोसायटीचं स्नेहसंमेलन येतं, नायिका मुख्य भूमिकेत उभी राहते, आणि कोणी घुंगरात काच घालतं, कोणी पोशाखात खाजखुजली टाकतं, कोणी वरचं झुंबर सैल करतं. तालीम अशी नसतेच. एखादी जागा चाळीस वेळा म्हणून घेणं, ऑर्गनवाल्याशी पट्टीवरून हुज्जत, अंक किती मिनिटांनी लांबला याचा हिशेब, हे कॅमेऱ्याला कंटाळवाणं वाटतं. पण ज्या गावात विमान जोडतात त्या गावाला हे कंटाळवाणं का वाटावं? एक पंख बसवण्याआधी किती मापं घ्यावी लागतात, किती सह्या लागतात आणि एक रिव्हेट वाकडं बसलं तर काय होतं, हे ज्याला ठाऊक आहे तो माणूस 'दोन इंजिनिअर प्रेमात पडले आणि विमान उडालं' अशी गोष्ट मान्य करणार नाही. मग 'दोन गायक एकमेकांवर जळले आणि नाटक उभं राहिलं' ही तरी त्यानं का गिळावी? कोपऱ्यातला निवृत्त फिटर 'तालीम कुठंय?' असं विचारतो, तेव्हा तो रंगभूमीच्या वतीनं बोलत असतो, हे त्याला माहीत नसलं तरी.

सिनेमावाल्यांची बाजू इथे मांडायला हवी, नाहीतर आपणही सोफ्यावर जाऊन बसलो असं होईल. ते म्हणतात, जुनं जसंच्या तसं कोण बघेल? खरंच आहे. 'शाकुंतला'त पदं दोनशेच्या घरात होती. आज कोणी तेवढी गायली तर प्रेक्षकाला जेवण, अंथरूण आणि दुसऱ्या दिवशीची रजा द्यावी लागेल. ओझरच्या निफाड तालुक्याला छाटणीचं महत्त्व सांगायला नको. द्राक्षबागेची एप्रिलमध्ये खरड छाटणी होते आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी. पहिलीत काडी तयार होते, दुसरीनंतर घड येतात. कुठल्या डोळ्यावर कात्री मारायची हे चुकलं तर बागेत नुसता पाला. १९६७ साली दारव्हेकरांनी लिहिलेली आणि अभिषेकीबुवांनी नादवलेली 'कट्यार' पडद्यावर आणताना तिच्यात शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी आली, आणि त्यांतल्याच एका गाण्याला महेश काळ्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे छाटणी फुकट गेली नाही, घड लागले. तरी 'हे असं नव्हतं' हे वाक्य थांबलं का? नाही. आणि त्याच माणसांनी ती नवी गाणी मोबाईलच्या रिंगटोनला लावली का? लावली. वन्समोअर तोंडानं देता येईना, तो खिशातून वाजू लागला.

राहिला तिसरा आक्षेप, आणि तो तरुण मंडळींचा आहे. कसला वन्समोअर गेला म्हणता, हातात रिमोट आहे, मागे घ्या आणि शंभरदा ऐका. शिवाय वाहिन्या तर न मागता पुन्हा दाखवतात. हे बोलणं ऐकून बालगंधर्वांनी 'देवा' म्हणून हात जोडले असते आणि विषय बदलला असता. मागे घेतलेलं गाणं तेच असतं. वन्समोअरनं आलेलं पद तेच कधी नसे. पहिल्यांदा राखून ठेवलेली जागा दुसऱ्यांदा उघडायची, तिसऱ्यांदा एखादी तान अशी घ्यायची की ओरडणाऱ्याला आपण ओरडल्याचं सार्थक वाटावं, हा त्यातला सौदा होता. मध्यंतरी वाहिन्यांनी गाण्याच्या स्पर्धांत एसेमेसची सोय करून या सौद्याची नक्कल करून पाहिली. 'लिटिल चॅम्प्स'च्या वेळी, म्हणजे २००८-०९ च्या सुमारास, घराघरांतून पैसे मोजून संदेश गेले. पण वन्समोअरनं गायक पुन्हा गात असे, एसेमेसनं दुसरा गायक घरी जात असे. त्यात कौतुकापेक्षा निवडणुकीचाच वास जास्त.

म्हणून मग बदल करण्याचं काम प्रेक्षकानं स्वतःकडे घेतलं आहे. पडदा तेच ते गातो, तर नावं ठेवणारा दर वेळी वेगळं गातो. पहिल्यांदा 'कट्यार' लागली तेव्हा त्याची तक्रार ढोबळ होती: नाटकात असं नव्हतं. तिसऱ्यांदा ती मुखड्यावरून अंतऱ्यात गेली: खाँसाहेबांची बैठक अशी नसते. आठव्यांदा तो खाँसाहेब झालेल्या सचिन पिळगांवकरांच्या भुवईच्या हालचालीवर सूक्ष्म तान घेतो आणि मूळ नाटकातले वसंतराव देशपांडे ती जागा कशी टाकत, ते हातवारे करून दाखवतो. वसंतरावांना त्यानं प्रत्यक्ष पाहिलेलं नसतं. गळ्यातून सूर येत नाही, हात मात्र अचूक वर जातो. घरातली लहान मुलं पडद्यावरची नजर काढून त्याच्याकडे बघतात, आणि त्यांना जे काही संगीत नाटक पाहायला मिळायचं ते बहुतेक हेच.

रविवारी कारखान्याला सुट्टी असली तरी ओझरच्या प्रवासी विमानाला नसते. दुपारी घराची जेवणं उरकलेली, पडद्यावर दरबार भरलेला, तक्रारी रंगात आलेल्या, आणि गायक समेवर येतो न येतो तोच छपरावरून घरघर सुरू होते. 'मेली तान!' 'हे विमान आत्ताच यायचं होतं?' 'मागं घे, मागं घे.' मागं घेता येत नाही, हे वाहिनीचं चालू प्रक्षेपण आहे. घर क्षणभर गप्प होतं. मग कोणीतरी म्हणतं, तशीही ती तान मूळ नाटकात नव्हतीच. आणि पुढच्या वेळी कधी लागणार आहे ते बघायला मोबाईल उघडतं.